चोवीस वाटे

ही वही माझ्या मुलीची आहे. पुढची पानं इंग्रजीत आहेत, ती मला वाचता येत नाहीत. आमच्या वेळेस इंग्रजी पाचवीपासून होतं आणि माझी शाळा चौथीत सुटली. मागची पानं कोरी होती, म्हणून मी मागून लिहायला घेतलं. हे कोणाला दाखवायचं नाही. मासोळीच्या घमेल्याखाली वही ठेवते, तिथे कोणी हात घालत नाही.

मुलगी गडचिरोलीला माझ्या दिराकडे राहून शिकली. आमचं गाव नदीच्या अलीकडे, सावली तालुक्यात. पूल ओलांडला की गडचिरोली. पहिलीला तिला इंग्रजी शाळेत फुकटची जागा लागली. अर्ज दिरानेच भरला होता, आणि तेव्हापासून ती त्याच्या घरची झाली. दीर ऑफिसात शिपाई आहे, पण इस्त्रीचा शर्ट घालतो. पालकांच्या सभेला तो आणि जाऊ जायचे. मला कोणी ये म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी गेले नसते. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही.

सातवीत असताना तिने एकदा सांगितलं की वर्गातल्या पोरींना काका-काकूच तिचे आईबाप वाटतात. तिने तसं सांगितलं नव्हतं, त्यांनीच तसं धरून घेतलं होतं, आणि तिने दुरुस्त केलं नव्हतं. मी म्हटलं, बरं आहे. तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. मी त्याच शहरात घमेलं डोक्यावर घेऊन दारोदार फिरत होते. तिच्या शाळेच्या रस्त्याने मी जात नसे. एक दोन गिऱ्हाइकं त्या रस्त्यावर होती, ती मी सोडून दिली.

शनिवारी ती घरी यायची. तिला मी मासोळीला हात लावू देत नसे. वास बोटांत बसतो आणि लिंबू चोळूनही दोन दिवस जात नाही. आमच्या ढिवर मोहल्ल्यात तिच्या वयाच्या पोरी विळीसारख्या पावशीवर बसून घमेलंभर मासोळी चिरतात. माझी पोरगी बाजेवर बसून पुस्तक वाचायची. शेजारणी म्हणायच्या, पाहुणी आली वाटते. मी हसायची.

नववीत तिच्या शाळेत इंग्रजीला नागपूरची एक मॅडम आली. तिने वर्गाला एक कादंबरी शिकवायला घेतली. अमेरिकेतली, जुनी, फार नाव असलेली. पुस्तकात होतं ते परीक्षेला येणार नव्हतं, तरी मॅडम दर शुक्रवारी एक धडा शिकवायची. शनिवारी माझी मुलगी तोच धडा मला सांगायची. आधी इंग्रजीतून एक ओळ मोठ्याने वाचायची, मग आपल्या बोलीत. मी जाळ्याचे तुटलेले फासे बांधत ऐकायची. इतक्या वर्षांत मला कोणी एवढं लांबलचक काही सांगितलं नव्हतं. आठवडाभर मी शनिवारची वाट पाहायची.

गोष्ट नदीकाठच्या एका गावाची होती. गावाबाहेर टेकडीवर एक म्हातारी राहायची, मासे धरायची आणि विकायची. गावातले लोक तिचे मासे मागच्या दाराने घ्यायचे. तिने एकदा नदीतून वाहत आलेलं पोर काढलं आणि वाढवलं. पोरगी मोठी झाली, गावात एका दुकानात कामाला लागली आणि लोकांना सांगू लागली की मी दूरच्या शहरातून आले. एका धड्यात म्हातारी त्या दुकानात मीठ घ्यायला जाते आणि पोरगी तिला गिऱ्हाइकासारखं मीठ देते, वर पाहतसुद्धा नाही. तो धडा माझ्या मुलीने भराभर सांगून टाकला. मी फासा ओढून घट्ट केला. 

मग पूर आला. सगळं गाव जीव घेऊन टेकडीवर चढलं, म्हातारीच्या झोपडीत शिरलं. त्यात दुकानदारही होता. पोरगी त्याच्या बायकोच्या मागे उभी होती. इथे मुलीने पुस्तक मिटलं. पुढचं मॅडमनं शिकवलं नव्हतं.

मला राहवलं नाही, तीच माझी चूक. ही मॅडम माझं गिऱ्हाईक होती. मुलीने तिचं घर, तिची गाडी, तिची कुरळी केसं सांगितली तेव्हा मला कळलं की मी बुधवारी जिला झिंगे देते ती हीच. मुलीला मी ते सांगितलं नव्हतं. त्या बुधवारी पुस्तक पोर्चमधल्या खुर्चीवर उपडं पडलं होतं. लाल रंगाचं, वर डोंग्याचं, लहान नावेचं चित्र. झिंगे मोजून देताना माझ्या तोंडातून निघालं, "मॅडम, ते पोरगी म्हातारीकडे जाते का शेवटी?"

मॅडम माझ्याकडे पाहतच राहिली. तुम्हाला हे कसं माहीत, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, आमच्या गावची एक पोरगी शिकते कुठेतरी, तिने सांगितलं. मॅडम पायरीवर बसली. आजपर्यंत ती दारात उभी राहूनच बोलली होती. तिने सांगितलं की पूर ओसरल्यावर गावचे लोक म्हातारीच्या पिंपातले मासे तिच्यासमोर आपसांत वाटून घेतात आणि तिच्यासाठी काही उरत नाही. पुढचं सांगितलं नाही. म्हणाली, तेच तर वाचायचं असतं.

मी म्हटलं, "आमच्याकडं असं होत नाई. आमच्याकडं वाट्याची रीत हाय."

आणि ती रीत मी तिला सांगितली. उभ्याने, घमेलं खाली ठेवून. मी एवढं कोणाशी कधी बोलले नव्हते.

रीत अशी. उन्हाळ्यात गावचा तलाव मारला, म्हणजे जाळी ओढून रिकामा केला, की सगळी मासोळी एका ठिकाणी ओततात. मोहल्ल्यातलं एक माणूस पळसाच्या पानांवर वाटे घालतं. जेवढी घरं तेवढे वाटे. तराजू नसतो, नजरेने सारखे करायचे. मग प्रत्येक घर एक खूण देतं. कोणी काडी, कोणी खडा, कोणी बांगडीचा तुकडा, कोणी शर्टाचं बटण. सगळ्या खुणा एका पदरात घेऊन कोणीतरी डोळे बांधून एकेका वाट्यावर एकेक ठेवत जातं. ज्याची खूण जिथे पडली तो वाटा त्याचा. पण ज्याने वाटे घातले त्याच्या घरचं कोणीही खूण देत नाही. त्या हाताला माहीत असतं कुठल्या पानावर पोटाची, अंडी भरलेली मासोळी आहे. सगळ्यांच्या खुणा पडल्या की बिनखुणेचा एकच वाटा उरतो. तो त्याच्या घरचा. त्यामुळे वाटे घालणारा कधी लबाडी करत नाही. सगळ्यांत वाईट वाटा आपल्यालाच उरू शकतो, हे त्याला ठाऊक असतं.

मॅडमचे डोळे चमकले. शुक्रवारी वर्गात या, म्हणाली, मुलांना हे करून दाखवा. चोवीस मुलं आहेत. मासोळीचे पैसे मी देईन. मी पैशाला नाही म्हटलं आणि येते म्हटलं. नाही म्हणायला पाहिजे होतं. पण मला कोणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. आणि मुलीला वर्गात बसलेलं मला एकदा पाहायचं होतं.

गुरुवारी सायंकाळी दिराच्या फोनवरून तिचा फोन आला. मॅडमने वर्गात सांगितलं होतं, उद्या एक मासोळीवाली बाई येणार आहे.

"माय, ते तूच का?"

"हो."

"काऊन? कोणं सांगतलं तुले बोलाले?"

  मागे जावेच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "येजो मंग. पण मले ओळख नको दावू."

"नाई दावत," मी म्हटलं.

हे मी पाळलं. तोंडाने पाळलं.

सकाळी नवऱ्याने आणलेल्या बारीक मासोळ्या धुऊन मी घमेल्यात घेतल्या, ओलं पोतं झाकलं, पळसाची पानं कमरेला बांधली आणि काळीपिवळीत बसले. पूल येईस्तोवर मी एकच विचार करत होते. वाटे किती घालायचे? वर्गात चोवीस मुलं. परक्या माणसांत मी वाटे घालणार तर चोवीस त्यांचे आणि एक माझा, असे पंचवीस. पण माझी मुलगी त्या चोवीसात. ती माझ्या घरची. तिने खूण द्यायची नाही. म्हणजे तेवीस खुणा आणि एक वाटा आमच्या घरचा. चोवीस.

खोटं कशाला लिहू. पुलावरच माझं ठरलं होतं. मी ओळख दाखवणार नव्हते, पण रीत दाखवणार होती. तिने खूण दिली नाही तर लोक विचारतील, तू का दिली नाहीस. दिली तर ती माझ्या घरची नाही. तिला दोन्हींतून एक करावं लागणार होतं, आणि मला बसल्या जागी ते पाहायचं होतं.

मोठ्या सरांनी मासोळी वर्गात नेऊ दिली नाही. मागच्या नळाजवळच्या ओसरीवर आम्हाला बसवलं. मुलं भिंतीला टेकून उभी राहिली. बऱ्याच जणांनी नाकाला रुमाल लावले होते. एकाने विचारलं, मॅडम, आजचा पिरियड बाजारात आहे का, आणि सगळे हसले. मॅडमने डोळे वटारले, पण तीही थोडी हसली होती. माझी मुलगी रांगेत शेवटी होती. दोन वेण्या, आणि एका कानावर काळी क्लिप. ती क्लिप मी तिला मार्कंड्याच्या जत्रेत घेऊन दिली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, घमेल्याकडे पाहत होती.

मॅडम म्हणाली, बोला ना बाई. मला बोलता आलं नाही. मॅडमनेच सांगितलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. वाटे घालणाऱ्याच्या घरचे खूण देत नाहीत, हेही तिने सांगितलं. मी खाली बसून पानं मांडली आणि वाटे घालू लागले. हात कामाला लागला की मला लाज वाटत नाही. एका वाट्यात पाच, एकात सहा बारीक, एकात चार पण जाड. मुलं हळूहळू पुढे सरकली. कोणीतरी मोजलं आणि म्हणालं, चोवीस, बरोबर.

मग मॅडमने एक ताटली फिरवली. खोडरबर आला, शार्पनर आला, पेनाचं टोपण, सेफ्टी पिन, चॉकलेटचा कागद. एकाने बुटाची नाडी काढून टाकली, त्यावर पुन्हा हशा झाला. ताटली शेवटी माझ्या मुलीपाशी आली.

ती रीत तिला मी सांगायची गरज नव्हती. ती चालायला लागली तेव्हापासून पाहत होती. तिने पानांवरून नजर फिरवली, ओठ हलत होते. मोजत होती. चोवीसावर ओठ थांबले. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि एका पानावरची मासोळी सरळ केली.

तिने केसांतून क्लिप काढली आणि ताटलीत टाकली.

मॅडमने ओढणीने डोळे बांधून घेतले आणि मुलं डावीकडे, उजवीकडे सांगत होती. तिचा पाय एका पानावर पडता पडता राहिला. सगळ्यांना फार मजा आली. त्या गोंधळात माझ्या मुलीजवळची पोरगी तिला म्हणाली, "ते बाई तुह्याकडेच काऊन पाहून राह्यली गं?"

"मले काय माहीत," माझी मुलगी म्हणाली.

शेवटची खूण पडली. मॅडमने ओढणी सोडली, वाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तुमचा वाटा?"

"नाई उरला," मी म्हटलं.

मॅडमचं तोंड फुललं. ती इंग्रजीत भराभर बोलू लागली. मग मराठीत म्हणाली, पाहिलंत का, बाईंनी मुद्दाम स्वतःचा एक वाटा कमी घातला, म्हातारीचं काय झालं ते आपल्याला न बोलता दाखवलं. लिहून घ्या सगळ्यांनी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलीनेही वाजवल्या. मग सगळ्यांनी वह्या काढल्या आणि लिहू लागले. ते याच वहीत कुठेतरी असेल.

घंटा झाली. दोन-तीन मुलांनी वाटे डब्यात घातले, बाकीच्यांनी आपापल्या खुणा उचलल्या आणि मासोळी तिथेच सोडली. शाळेची झाडणारी बाई बादली घेऊन आली आणि पानं उपडी करू लागली. एका वाट्यावर क्लिप तशीच होती. मी ती उचलली, धुतली आणि कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ती आली. मी मरळीचा रस्सा केला होता, तिला आवडतो तसा, आंबाडी घालून. नवऱ्याला वाढलं, मी घेतलं. तिच्या ताटात भात वाढला आणि भातावर क्लिप ठेवली.

"रस्सा?" ती म्हणाली.

"तुहा वाटा काल शाळेत झाला."

नवऱ्याने विचारलं, काय झालं. आम्ही दोघींनी सांगितलं नाही. ती क्लिपकडे पाहत बसली. मग म्हणाली, "पुस्तकातली म्हातारी अशी नोहोती."

"पुस्तकातल्या म्हातारीनं तिले पोटातून नोहोतं काढलं," मी म्हटलं.

तिने क्लिप ताटाबाहेर ठेवली, भातावर मीठ घेतलं आणि सगळा भात खाल्ला. एक दाणा ठेवला नाही. मी पातेलं तिच्याकडे सरकवलं नाही. ती हात धुवायला गेली तेव्हा नवरा म्हणाला, "देऊन टाक ना वं." मी उठून पातेलं झाकलं.

त्या दिवशी तिने कादंबरीचा धडा सांगितला नाही. पुढचे शनिवार ती अभ्यास आहे म्हणायची. दिवाळीला आली, काका-काकूंसोबत आली आणि त्यांच्यासोबत गेली. दहावी झाली, आता नागपूरला आहे. फोन दिराला करते. दीर सांगतो, बरी आहे. जुनी पुस्तकं-वह्या त्याने रद्दीत द्यायला काढल्या होत्या, त्यातली ही वही मी मागून आणली. क्लिप तशीच मसाल्याच्या डब्यात पडली आहे.

मॅडमला मी अजून बुधवारी झिंगे देते. त्या वर्षी वार्षिक परीक्षेनंतर एकदा तिने मला थांबवलं आणि आतून उत्तराचा एक कागद आणला. परीक्षेला नव्हतं, तरी तिने त्या कादंबरीवर वर्गाला एक प्रश्न लिहायला दिला होता. पूर ओसरल्यावर गावाने म्हातारीशी जे केलं त्यात चूक कोणाची? सगळ्यांनी लिहिलं, गावाची. कोणी दुकानदाराची लिहिली, बऱ्याच जणांनी पोरीची. एका मुलीने वेगळं लिहिलं होतं. फार हुशार मुलगी आहे, मॅडम म्हणाली, जणू डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिते, तुमची तिची एकदा भेट घालून देते. तिने त्या कागदावरचं मला मराठीत करून वाचून दाखवलं.

त्या मुलीने लिहिलं होतं की पोरीने चूक केलीच. पण पोरगी भ्याली होती, आणि म्हातारी भ्याली नव्हती. वाटे घालताना म्हातारीला माहीत होतं कोण कोण उभं आहे. तिने एक वाटा जास्त घातला असता तर पोरीलाही पुरलं असतं आणि तिलाही. मासोळी होती.

"आता पुस्तकात म्हातारी वाटे घालतच नाही," मॅडम हसून म्हणाली. "तुमचंच डोक्यात बसलं तिच्या. पण किती वेगळा विचार केला ना? तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, मले काय समजते मॅडम त्यातलं. झिंगे मोजून दिले. ती पोरगी टेकडीवर परत गेली का, हे मी पुन्हा विचारलं नाही.

वर एक गोष्ट मी लिहिली नाही. त्या शुक्रवारी चोवीस वाटे घातल्यावर घमेलं रिकामं झालं नव्हतं. तळाशी सात-आठ मासोळ्या होत्या, चांगल्या, पोटाच्या. एका वाट्याच्या. मुलगी शेवटी उभी होती, तिथून घमेल्यात दिसत होतं. ती वाटे मोजत होती तेव्हा मी पोतं ओढून त्यावर घेतलं.

परत येताना पुलाच्या आधी काळीपिवळी थांबली तेव्हा त्या मी एका बाईला विकल्या.